हायब्रीड गाडी रोज वापरणाऱ्यांना प्रश्न: कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा सातारा

डहाणूकर कॉलनी

नमस्कार. आमची पेट्रोलवरची छोटी गाडी बारा वर्षांची झाली असून तिच्या क्लचने दुसऱ्यांदा राम म्हटला आहे, त्यामुळे दिवाळीच्या आत नवी गाडी घ्यायची असे घरात ठरले आहे. आठवड्यातून तीन दिवस मला हिंजवडीला फेज तीनपर्यंत जावे लागते. जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर होतात आणि संध्याकाळी भूमकर चौकापासून चांदणी चौकापर्यंत यायला नशीब असेल तर एक तास, नसेल तर दीड-दोन तास लागतात. उरलेल्या दिवशी वडील गाडी घेऊन भाजी आणायला, बँकेत किंवा कर्वे रस्त्यावरच्या दवाखान्यात जातात. ही धाव दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जात नाही. महिन्यातून एकदा साताऱ्याला मामांकडे जाणे असते आणि वर्षातून एखाद्या वेळी ताम्हिणी घाटाने कोकणात.

आधी विजेच्या गाडीचाच विचार होता. आमची इमारत १९८९ सालची, बारा बिऱ्हाडांची आणि सात गाड्यांपुरत्या पार्किंगची आहे. चार्जिंगसाठी जोडणी मागितली तेव्हा वार्षिक सभेत पाऊण तास चर्चा झाली, वायरिंग जुने आहे इथपासून उद्या सगळेच मागतील इथपर्यंत सर्व मुद्दे येऊन गेले आणि विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. म्हणून आता हायब्रीडकडे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, पण बाहेरून चार्जिंग न लागणाऱ्या गाडीकडे वळलो आहे.

शोरूममध्ये मिळणारी माहिती माहितीपत्रकापलीकडे जात नाही. लिटरला २७-२८ किलोमीटर हा आकडा पुण्याच्या रस्त्यावर कितपत खरा ठरतो, आमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांना या गाडीचा काही उपयोग आहे का, आणि रोजच्या वापरात अशा कोणत्या गोष्टी आहेत ज्या विकणारा सांगत नाही, हे मला प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून जाणून घ्यायचे आहे. माझ्या मेहुण्यांच्या गाडीच्या मागेही हायब्रीड असे लिहिलेले आहे आणि ती शहरात १४ च्या वर ॲव्हरेज देत नाही, त्यामुळे मनात शंका आहे. आणखी एक बारीक बाब: आईची घडीची व्हीलचेअर कायम डिकीत असते.


धायरी फाटा

आपला रस्ता आणि माझा रस्ता निम्म्याहून अधिक सारखाच आहे. मी नवले पुलापासून वारजे, चांदणी चौक, वाकड असा हिंजवडीला जातो. दीड लिटर इंजिनाची मध्यम आकाराची स्ट्राँग हायब्रीड (म्हणजे जिची मोटर एकटीही गाडी ओढू शकते अशी) तीन वर्षांत ४१,००० किलोमीटर चालवली आहे आणि प्रत्येक वेळी एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून आकडे वहीत लिहिले आहेत. (बायको या वहीला दासबोध म्हणते.) डॅशबोर्डवरचा आकडा माझ्या गाडीत प्रत्यक्षापेक्षा दीडएक किलोमीटरने नेहमी जास्त असतो, तेव्हा कोणी तुम्हाला पडद्याचा फोटो पाठवून २६ दाखवले तर त्यातून तेवढे वजा करावे.

वहीतला निष्कर्ष असा की हिंजवडीच्या रोजच्या फेरीला २१ ते २३ मिळतात. एक्स्प्रेसवेवर किंवा साताऱ्याकडे १०० च्या वेगाने गेलो तर १७-१८ वर येते, आणि ८० ने गेलो तर पुन्हा २१ च्या पुढे जाते. सकाळी उठून दोन किलोमीटरवर दूध आणायला गेलो तर मात्र १२-१३, त्यापेक्षा जास्त नाही. आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या हे बरोबर उलटे आहे, कारण साध्या पेट्रोल गाडीला हायवेवर चांगले आणि शहरात वाईट ॲव्हरेज मिळते. ज्या संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली मी पहिल्या दिवसांत सर्वाधिक चिडलो होतो, त्या संध्याकाळचा आकडा त्या महिन्यातला सर्वांत चांगला होता.

छोट्या फेरीला असे का होते, ते आपल्या वडिलांसाठी महत्त्वाचे आहे. गाडी गार असेल तेव्हा बॅटरी भरलेली असूनही इंजिन सुरू होते, कारण धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिन दोन्ही तापावे लागतात. हे तापणे संपेपर्यंत भाजीवाल्याचे दुकान आलेले असते. परत निघेपर्यंत गाडी पुन्हा निम्मी गार झालेली असते. वडिलांच्या फेऱ्या जोडून केल्या, म्हणजे बँक, दवाखाना आणि भाजी एकाच दमात, तर फरक पडतो. माझ्या वडिलांना हे सांगून पाहिले, त्यांनी ऐकले नाही.

रोजच्या चालवण्यात सर्वांत आधी जाणवते ती शांतता. बटण दाबले की डॅशबोर्डवर रेडी अशी अक्षरे येतात आणि बाकी काहीच घडत नाही. पहिल्या महिन्यात मी एकदा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली आहे असे समजून उतरलो, फोनवर बोलता बोलता दार लावले आणि लिफ्टने वर गेलो. गाडीने बीप दिला असणार, पण फोनच्या नादात तो ऐकू आला नाही. एसी चालूच राहिल्याने बॅटरी उतरली आणि ती भरण्यासाठी इंजिन आपण होऊन सुरू झाले. दहा मिनिटांनी वॉचमनने इंटरकॉमवरून अत्यंत गंभीर आवाजात सांगितले, "साहेब, तुमची गाडी कुणी नसताना चालू झाली." तेव्हापासून उतरण्यापूर्वी डॅशबोर्ड काळा झाला आहे का, हे पाहण्याची सवय लागली. वडिलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आणि पार्किंगमध्ये गाडीखाली झोपणारी कुत्री असतील तर निघण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे, कारण इंजिनाच्या आवाजाने ती उठून बाजूला होत असत, इथे आवाजच नसतो.

एसीबद्दल एक स्पष्टीकरण देतो. माझ्या गाडीत कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही हवा गारच येते. एप्रिलच्या दुपारी गाडी जागची हलत नसेल तर काही मिनिटांनी इंजिन घुरघुरत सुरू होते, बॅटरीत थोडी भर घालते आणि पुन्हा बंद होते. नवीन माणसाला वाटते की काहीतरी बिघडले. काही बिघडलेले नसते.


निवृत्त यंत्र अभियंता, चिंचवड

वरील अनुभव योग्य आहे. मी चाकण आणि पिंपरी भागात वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत तेहतीस वर्षे काम केले असल्यामुळे त्यामागचे तंत्र थोडे मांडतो, म्हणजे मेहुण्यांच्या गाडीचे कोडेही सुटेल.

हायब्रीड या एकाच शब्दाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. माइल्ड हायब्रीडमध्ये अल्टरनेटरच्या जागी एक छोटी मोटर असते. ती सिग्नलला बंद पडलेले इंजिन चटकन सुरू करते आणि वेग घेताना थोडा हातभार लावते, पण गाडीला एकटीने ओढू शकत नाही. मारुती सुझुकीने सियाझमध्ये २०१५ साली आणलेली पद्धत हीच होती. स्ट्राँग हायब्रीडमध्ये मोटर स्वतःच्या बळावर गाडी चालवू शकते. गोंधळ असा की २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळू लागल्या. नाव तेच, आकार तोच आणि यंत्रणा पूर्ण वेगळी. त्यांच्या स्ट्राँग हायब्रीडचा अधिकृत आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर होता. त्याच वर्षी आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रीडचा २६.५ होता. मेहुण्यांची गाडी पहिल्या प्रकारातली असणार, आणि त्या प्रकारच्या गाडीला शहरात १४ म्हणजे तक्रार करण्यासारखे काही नाही.

हा अधिकृत आकडा कोठून येतो, हे कोथरूडच्या माणसाला सांगायला मौज वाटते, कारण या कामासाठी ज्या एआरएआय या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे नाव सर्वांच्या तोंडी असते ती आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगपत्रकाप्रमाणे चालवतात, वेग ९० च्या पुढे नेत नाहीत आणि एसी बंद असतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, घरच्या हिशेबाला नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा मिळते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट कोणत्याही गाडीला धरावीच लागते.

टोयोटाची पद्धत, जी १९९७ साली जपानमध्ये प्रियसबरोबर आली, तिच्यात इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका ग्रहमाला गिअरने एकमेकांना जोडलेले असतात. क्लच नाही, बेल्ट नाही, नेहमीचा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. या रचनेला दिलेले ई-सीव्हीटी हे नाव वाचून पुष्कळांना बेल्टवाला गिअरबॉक्स डोळ्यांसमोर येतो, तो गैरसमज आहे. होंडाच्या पद्धतीत शहरात इंजिन मुख्यतः वीज तयार करते, मोटर चाके फिरवते आणि हायवेच्या वेगाला एका क्लचने इंजिन थेट चाकांना जोडले जाते. दोन्हींचा गाभा सारखाच आहे: ब्रेक लावताना जी ऊर्जा एरवी डिस्कच्या उष्णतेत वाया जाते ती विजेच्या रूपाने परत घ्यायची, आणि इंजिन ज्या वेळी अत्यंत अकार्यक्षम असते त्या वेळी, म्हणजे रांगत्या रहदारीत, ते बंदच ठेवायचे. हायवेवर एका वेगाने जाताना ब्रेकही लागत नाही आणि रांगावेही लागत नाही, त्यामुळे परत मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. धायरी फाटा यांच्या वहीतल्या १८ आणि २२ या आकड्यांमागचे कारण हेच आहे.

आता घाटाविषयी, कारण आपण सातारा आणि ताम्हिणीचा उल्लेख केला आहे. चढाला पाय पूर्ण दाबला की इंजिन एका उंच स्वरात अडकल्यासारखे ओरडत राहते आणि वेग मात्र सावकाश वाढतो. यात इंजिनावर अत्याचार होत नसतो. इंजिन ज्या गतीने फिरताना जास्तीत जास्त शक्ती मिळते तिथे संगणक त्याला धरून ठेवतो, इतकेच. पण कानाला ते रुचत नाही, हे मान्य करावे लागेल.

उतारावर याहून चमत्कारिक प्रकार घडतो. गाडी आणि चार माणसे मिळून १६०० किलो धरा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना आपण पाचशे मीटरहून अधिक खाली येतो, आणि एवढे वजन पाचशे मीटर खाली आले की सुमारे २.२ युनिट, आपल्या वीजबिलातली युनिटे, इतकी ऊर्जा मोकळी होते. काही भाग टायरच्या आणि हवेच्या विरोधात जातो, तरी बरीच उरते. हायरायडर किंवा ग्रँड विटाराची पूर्ण बॅटरी मात्र ०.७६ युनिटची आहे आणि आयुष्य वाढावे म्हणून संगणक तिचा मधला भागच वापरतो. अर्थात अर्ध्या घाटातच बॅटरी भरते. मग जादा ऊर्जा खपवण्यासाठी पेट्रोल न देता इंजिन नुसतेच गरागरा फिरवले जाते आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन ओरडते. माझ्या मुलीने पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा तिने गाडी कडेला घेऊन मला फोन केला होता. अशा उतारावर गिअरच्या दांड्यावर बी ही खूण असेल तर तिथे टाकावे आणि ब्रेकला विश्रांती द्यावी. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार हे सरावाला उत्तम ठिकाण आहे, फक्त मागून येणाऱ्या ट्रककडे लक्ष ठेवावे. त्या उताराची अपघातांबाबतची कीर्ती मी सांगायला नको.

बॅटरीच्या भीतीविषयी थोडक्यात सांगतो. टोयोटा, मारुती सुझुकी आणि होंडा या तिन्ही कंपन्या भारतात हायब्रीड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, वॉरंटी देतात. खरेदीच्या वेळी अटी मात्र स्वतः वाचाव्यात.


औंधहून

काकांनी मोठ्या बॅटरीबद्दल लिहिले, मी लहान बॅटरीबद्दल लिहिते, कारण मला फजितीला सामोरे जावे लागले ते तिच्यामुळे.

मागच्या मे महिन्यात आम्ही तेवीस दिवस बाहेरगावी होतो. परत आल्यावर किल्लीने दार उघडेना. किल्लीच्या आत दडवलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडले, बटण दाबले, तर डॅशबोर्डवर चार दिवे मिणमिणले आणि विझले. घराजवळच्या एका वर्कशॉपला फोन केला. तिथून आलेल्या मुलाने बॉनेटही न उघडता सांगितले की हायब्रीड बॅटरी गेली, गाडी टो करावी लागेल आणि खर्च लाखात जाईल. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या एका तरुणाने खिशात मावेल एवढा जंप-स्टार्टर आणून बॉनेटखालच्या टोकांना लावला आणि गाडी तत्काळ रेडी झाली. गेली होती ती साधी बारा व्होल्टची बॅटरी, जी प्रत्येक गाडीत असते.

नंतर मी मॅन्युअल वाचले, जे आधीच वाचायला हवे होते. इंजिन सुरू करण्याचे काम मोठी बॅटरीच करते, पण संगणक जागा करणे आणि मोठ्या बॅटरीचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडणे ही कामे बारा व्होल्टवर होतात. ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही तिच्यापर्यंत पोचता येत नाही. स्टार्टर फिरवायचा नसल्याने एवढासा जंप-स्टार्टर पुरतो. मात्र उलट बाजूने, म्हणजे आपल्या हायब्रीडवरून शेजाऱ्यांची बंद पडलेली पेट्रोल गाडी सुरू करून देण्याचे औदार्य दाखवू नये. माझ्या गाडीच्या पुस्तकात ते स्पष्ट शब्दांत मना केले आहे, कारण इथली वायरिंग तेवढ्या प्रवाहासाठी बनवलेली नाही. आता आम्ही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बाहेर गेलो की किल्ली बहिणीकडे ठेवतो आणि ती येऊन अर्धा तास गाडी रेडी करून ठेवते. नुसते दिवे लावून बसण्याचा उपयोग नाही, रेडी ही अक्षरे दिसली पाहिजेत, तरच लहान बॅटरी भरते.

दुसरी गोष्ट जाळीची. माझ्या गाडीत मोठ्या बॅटरीला गार ठेवणारी हवा केबिनमधूनच ओढली जाते आणि त्यासाठी मागच्या सीटजवळ एक जाळी आहे. आमच्याकडे मांजर आहे, मुलगा मागे बसून चिवडा खातो, आणि बाणेर-बालेवाडीकडे जी बांधकामाची धूळ आहे ती आपण सर्वच जाणतो. तिसऱ्या सर्व्हिसिंगला त्या जाळीमागचा फिल्टर काढला तेव्हा तो राखाडी गोधडीसारखा दिसत होता. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला मी तो समोर काढून दाखवायला सांगते. आपण डिकीत आणि मागच्या सीटवर सामान ठेवणार असाल तर ती जाळी पिशव्यांनी झाकली जाणार नाही, एवढे पाहावे.

उंदरांबद्दल लिहीत नाही. पुण्यात गाडी ठेवणाऱ्याला उंदीर माहीत असतात. फक्त बॉनेटखालच्या जाड नारिंगी वायरींना नेहमीच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नये, त्यात शंभराहून अधिक व्होल्ट असतात.


हिशेबनीस, सदाशिव पेठ

सर्वांचे अनुभव वाचले. मी मुद्दाम दुसरी बाजू मांडतो, कारण प्रश्नकर्ते दिवाळीच्या आत निर्णय घेणार आहेत आणि शोरूमवाले हे गणित त्यांना करून दाखवणार नाहीत.

आपण दिलेल्या माहितीवरून वर्षाचे किलोमीटर काढले. हिंजवडीचे आठवड्याला १२०, वर्षाचे ४८ आठवडे धरून ५,७६०. साताऱ्याचे जाऊन-येऊन २२० प्रमाणे २,६४०. वडिलांचे महिन्याला १०० धरून १,२०० आणि कोकणाचे ४००. एकूण बरोबर १०,००० होतात. धायरी फाटा यांच्या वहीतले आकडे घेतले, म्हणजे हिंजवडीला २२, हायवेला आणि कोकणाला १८ आणि छोट्या फेऱ्यांना १३, तर वर्षाला सुमारे ५२३ लिटर पेट्रोल लागेल. त्याच आकाराच्या साध्या ऑटोमॅटिकला याच रस्त्यांवर अनुक्रमे १०, १५, कोकणात १४ आणि छोट्या फेऱ्यांना साडेआठ धरले तर सुमारे ९२२ लिटर. फरक जवळजवळ ४०० लिटरचा, आणि लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला ४१,६०० रुपयांचा. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला सहा वर्षे लागतील.

सहा वर्षे म्हणजे वाईट नाही. पण या चारशे लिटरांची फोड करून पाहा. त्यातले ३१४ लिटर एकट्या हिंजवडीने वाचवले आहेत, साताऱ्याने २९ आणि वडिलांच्या फेऱ्यांनी ४९. उद्या आपल्या कंपनीने आठवड्यातून एकच दिवस या असे सांगितले, किंवा आपण निवृत्त झालात, तर बचतीचा मोठा भाग त्याच दिवशी नाहीसा होईल आणि अडीच लाख मात्र दिलेलेच राहतील. मी स्वतः हायब्रीड बुक करून रद्द केली ती याच कारणाने, कारण माझे ऑफिस घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे आणि गाडी निघते ती फक्त शनिवार-रविवारी, कोल्हापूरच्या रस्त्याला.

करांच्या बाबतीतही अपेक्षा ठेवू नये. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आहे. या आकाराच्या हायब्रीडवर पूर्वी सेस धरून ४३ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडला नोंदणी कर माफ केला होता, तेव्हा आपल्याकडेही तसे होईल या आशेने माझ्या एका मित्राने खरेदी आठ महिने लांबवली. शेवटी रोड टॅक्स पूर्ण भरूनच घेतली. नंबर प्लेटही पांढरीच मिळते, हिरवी नाही.

एवढे सांगून हेही नोंदवतो की संध्याकाळी दीड तास क्लच न दाबता बसण्याची किंमत माझ्या हिशेबात धरलेली नाही, कारण ती कोणत्या खात्यात टाकावी हे मला ठरवता आले नाही.


धायरी फाटा

हिशेबनीस साहेबांचे गणित मला पूर्ण मान्य आहे. एक छोटी भर घालतो. ४१,००० किलोमीटरला माझे ब्रेक पॅड अजून मूळचेच आहेत. आधीच्या गाडीला याच रस्त्यावर ३०,००० च्या आसपास बदलावे लागले होते. पावसाळ्यात मात्र डिस्क कमी वापरली गेल्याने तिच्यावर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर ऐकू येते. तेवढ्यासाठी मी रस्ता मोकळा पाहून दोनदा जोरात ब्रेक लावतो आणि ती थांबते.


डहाणूकर कॉलनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दुपारी दोन शोरूममध्ये जाऊन टेस्ट ड्राइव्ह घेतली, आणि आपण सर्वांनी लिहिलेले आधी वाचलेले असल्यामुळे सेल्समनपेक्षा मीच जास्त बोललो, असे सौ.चे म्हणणे आहे.

वडील आग्रहाने बरोबर आले होते. त्यांनी चालकाच्या सीटवर बसून बटण दाबले, काही क्षण वाट पाहिली आणि "अजून चालू होत नाही का?" असे विचारले. गाडी तोपर्यंत चालू झालेली होती. पौड रस्त्याने वनाजपर्यंत जाऊन परत येईपर्यंत त्यांचा डावा पाय तीन वेळा क्लच शोधत ब्रेककडे गेला, त्यातल्या एका वेळी मागची सौ. पुढच्या सीटवर आपटता आपटता राहिली. तेव्हा गाडी कोणतीही घेतली तरी वडिलांना डावा पाय मागे ओढून बसण्याची सवय लावणे हे पहिले काम आहे. यात हायब्रीडचा दोष नाही.

व्हीलचेअर आम्ही बरोबरच नेली होती. पहिल्या गाडीत डिकीची फरशी बॅटरीमुळे उंच आलेली आहे, खुर्ची आडवी ठेवली तर झाकण लागत नाही आणि उभी ठेवली तर मागच्या सीटची एक पाठ पाडावी लागते. सेल्समनने तेच मॉडेल माइल्ड हायब्रीडमध्ये दाखवले, त्याची डिकी शंभराहून अधिक लिटरने मोठी असल्यामुळे खुर्ची सहज बसली. दुसऱ्या गाडीत, जी सेडान आहे, खुर्ची बसते परंतु चाके काढून ठेवावी लागतात, आणि ती चाके रोज काढून बसवणारा माणूस मीच असणार.

हिंजवडीचे ३१४ लिटर डोक्यात घोळत आहेत. कंपनीत विचारणा केली असता, पुढच्या वर्षापासून आठवड्यातून चार दिवस यावे लागण्याची चिन्हे आहेत असे कळले. ही वार्ता आनंदाने ऐकणारा आमच्या मजल्यावर मी एकटाच असेन. पहिल्या गाडीच्या डिकीची मापे टेपने घेऊन ठेवली आहेत. औंधच्या ताईंनी सांगितलेली हवेची जाळी त्या मॉडेलमध्ये नेमकी कोणत्या बाजूला आहे, हे दोन्ही शोरूमवाल्यांना सांगता आले नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी तेवढे पाहून कळवावे, कारण सीटची पाठ पाडून खुर्ची ठेवली तर तिचे कापड नेमके त्या जाळीवर येईल की काय, अशी शंका आहे.